बंबाच्या नळीतलं घरटं

लग्न होऊन नाशिक रोडच्या घरी आले तेव्हा सासूबाईंनी घरातली एकच गोष्ट मला मनापासून देऊन टाकली. बंब. स्वयंपाकघर त्यांचं, देवघर त्यांचं, कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. बंब तेवढा माझा. "तुमच्याकडे बागलाणात धुराची सवय असेल," असं म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात मारला, आणि मला वाटलं, चला, एक कोपरा तरी आपला झाला.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचा, कमरेइतका उंच, पोटात पाणी. त्या पाण्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार एक नळी. खालच्या जाळीवर लाकडं पेटवली की जाळ आणि धूर त्या नळीतून वर चढतो आणि भोवतीचं पाणी तापतं. बंब अंगणात असला तर धूर जातो आभाळात, विषय संपला. आमचा बंब मात्र न्हाणीघरात, कोपऱ्यात होता. सासरे हयात असताना त्यांनी बंबाच्या डोक्यावर पत्र्याची लांब नळी बसवून, तिला कोपर देऊन, भिंतीतून मागच्या बोळात काढली होती. घरच्यांच्या लेखी तो नुसता पत्रा. माझ्या लेखी ते त्या खोलीचं नाक होतं.

ह्याला कारण होतं. मी शाळेत असताना सटाण्याला आमच्या घरची अशीच नळी एका हिवाळ्यात साफ करायची राहून गेली. आतली काजळी पेटली. नळी बघता बघता लाल झाली आणि वरचा वासा धुमसायला लागला. वडिलांनी ओली पोती मारून मारून तो विझवला, हात भाजून घेतले. त्यानंतर आई रोज बंब पेटवण्याआधी विचारायची, "नळी साफ शे का?" आणि कुणीतरी हो म्हटल्याशिवाय काडी ओढायची नाही. तिचं ते विचारणं माझ्या कानात कायमचं बसलं.

तर दिवाळीच्या आधी एकदा आणि होळी झाली की एकदा, मी ह्यांचा जुना शर्ट अंगात घालायची, डोक्याला फडकं गुंडाळायची आणि नळी सोडवायची. बांबूला काथ्याचा बोळा बांधून दोन्ही बाजूंनी घासायची. पोतंभर काजळी निघायची. माझी नणंद तेव्हा कॉलेजात होती. ती दारात उभी राहून खिदळायची, "वहिनी, एकदा आरशात बघ गं!" मी काळे हात घेऊन तिच्या मागे धावायची. आम्हा दोघींचं चांगलं जमायचं, अगदी पहिल्यापासून.

नळी साफ आहे की नाही हे बघायची माझी खूण सोपी होती. कागदाची सुरळी पेटवून बंबाच्या खालच्या तोंडाशी धरायची. ज्योत आत वाकली की नळी ओढतेय. ज्योत सरळ उभी राहिली किंवा आपल्याच अंगावर आली, तर बंब पेटवायचा नाही. बास. ह्यापेक्षा जास्त शास्त्र मला येत नव्हतं.

मग नव्वदच्या दशकातल्या मधल्या कुठल्यातरी वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. होळी होऊन गेली होती, उन्हं तापली होती, बंबाला सुट्टी होती. तिची उठबस, तिचं खाणंपिणं, ह्या सगळ्यात नळी साफ करायची राहिली. नळीच्या बाहेरच्या तोंडावरची टोपी आधीच्या पावसाळ्यातल्या वाऱ्यानं उडून गेली होती, तीही बसवायची राहिली होती. ह्यांना दहादा सांगितलं. शिफ्टची नोकरी. आले की झोपायचे, उठले की "बघतो, बघतो".

एके सकाळी बोळात कपडे वाळत घालत होते तर चोचीत काडी धरून एक साळुंकी नळीत शिरली. मागून दुसरी आली. मी वर बघितलं तर नळीच्या तोंडातून गवताचं टोक लोंबत होतं. म्हटलं, अरे वा, बिनभाड्याचं घर! आत जाऊन बांबू आणला. अजून चार काड्याच होत्या, अंडी नव्हती. एकदा ढोसलं असतं की काम झालं असतं आणि त्या दोघी बया दुसरीकडे गेल्या असत्या.

"खबरदार!" सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. "घरात पोटुशी लेक आहे आणि तू घरटं मोडायला निघालीस?"

"आई, अजून घरटं कुठं झालंय? आणि नळी बुजली तर बंब कसा पेटवायचा?"

"पाखरू आपल्या पायांनी घरी आलंय. लेक सुखरूप सुटणार ह्याची खूण आहे ती. बारसं होईपर्यंत हात लावायचा नाही." आणि वळता वळता, आवाज जरा खाली आणून, त्या म्हणाल्या, "तुला नाही कळायचं त्यातलं."

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. पुढेही झालं नाही, तेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत आस लागून राहायला नको. पण त्या दिवशी ते वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, बांबू त्यांच्या पायाशी टाकावा आणि म्हणावं, घ्या, तुम्हाला कळतंय ना, तुम्हीच सांभाळा. तसं काही केलं नाही. बांबू भिंतीला टेकवला, आत गेले आणि कणीक अशी तिंबली की त्या दिवशी पोळ्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं.

आता कुणी म्हणेल, एवढं कळत होतं तर गुपचूप काढायचं होतं घरटं. अहो, कसं काढणार? मूल नसलेल्या सुनेनं, नणंदेचे दिवस भरत आलेले असताना, घरटं मोडलं. पुढे बाळंतपणात इकडचं तिकडे झालं असतं तर? सगळ्या कॉलनीनं माझ्याकडे बोट दाखवलं असतं. आणि खरं सांगू? मीही दाखवलं असतं. सासूबाईंवर चिडले होते, पण त्यांची ती भीती थोडीशी माझ्याही पोटात होती.

उन्हाळाभर नळीत किलबिल चालली. नणंद पाय वर घेऊन मागच्या दारात बसायची आणि साळुंक्यांशी गप्पा मारायची. पिल्लं झाली, मोठी झाली, एकेक करून उडालीही. शेवटचं पिल्लू समोरच्या पत्र्यावर धडपडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरटं रिकामं झालं. आषाढात नणंद बाळंत झाली. मुलगी. दोघी ठणठणीत. सासूबाईंनी कॉलनीभर बर्फी वाटली आणि मला म्हणाल्या, "बघितलंस? पाखरांनी लाज राखली."

मी म्हटलं, "राखली ना? मग आता नळी काढते."

"बारसं होऊ दे."

"आई, आत कुणी नाही. रिकामं आहे."

"रिकामं असलं तरी घरटंच ना ते? चार दिवसांवर बारसं आलंय. तेवढ्यात तुझं काय अडलंय?"

अडत नव्हतं, कारण तोपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं. पण बाळंतिणीची आंघोळ म्हणजे काय असते! तेल जिरवून झालं की कढत पाणी, पुन्हा कढत पाणी, अंग लाल होईस्तोवर. मग बाळाची. पातेल्यांवर पातेली. तेवढ्यात सिलिंडर संपला. दुसऱ्याचा नंबर लावलेला होता, पण तो कधी येईल ते देवालाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी हुकूम सोडला, "बंब पेटव."

मी सुरळी पेटवून तोंडाशी धरली. ज्योत सरळ उभी. मी सांगितलं, ओढत नाहीये. त्यांनी ऐकलं नाही. लाकडं पेटवली तर काय व्हायचं तेच झालं, सगळा धूर परत न्हाणीघरात. खोकून खोकून सगळ्यांचे डोळे सुजले. मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता तरी पटेल.

पण सासूबाई हुशार बाई. "लाकडं ओली आहेत," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात असंच होतं. शेकासाठी कोळसे आणलेत ना, ते घाल." बाळंतिणीला शेक द्यायला शेगडीचा कोळसा घरात होताच. अंगणात शेगडीवर कोळसे फुलवले आणि सांडशीनं बंबात टाकले. धुराचा मागमूस नाही. पाणी मात्र झकास तापलं. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिसतोय कुठे धूर?"

मी पुन्हा सुरळी धरली. ज्योत सरळ. "आई, नळी बंद आहे. हे बघा ना."

"धूर दिसतोय का ते सांग."

"नाही."

"मग?"

धूर नव्हता हे तर खरंच होतं. तरी माझ्या आईचं एक बोलणं आठवत राहिलं. सटाण्याला आई म्हणायची, बंद खोलीत कोळसा चढतो. काय चढतो, कसा चढतो, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी रात्री ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. हे म्हणाले, "बारशापर्यंतचाच तर प्रश्न आहे. घरात वाद नको." पुरुषांना घरात वाद नको असतो. मग बाकी काही झालं तरी चालतं.

त्या दिवसापासून माझी आणि सासूबाईंची एका पोत्यावरून लढाई सुरू झाली. न्हाणीघराला वर एक झरोका होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सासूबाई त्यात पोतं कोंबायच्या. आंघोळ सुरू व्हायच्या आधी मी बोळातून जाऊन बांबूनं ते पोतं आत पाडायची. थोड्या वेळानं बघावं तर पोतं पुन्हा जागेवर. दोघीही हूं की चूं करायचो नाही.

न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या त्या पायरीवर डोकं धरूनच बसल्या. "लय उकडतंय वं आत. डोकं जड झालंय माझं." सासूबाईंनी त्यांना चहा दिला. नणंदही आंघोळीनंतर गळून जायची, मळमळतंय म्हणायची आणि दिवसभर झोपायची. सगळे म्हणत, बाळंतिणीला झोप येतेच. बाळही झोपायचं. "कशी शांत आहे पोर," शेजारणी म्हणायच्या. तिच्या छातीवरचं दुपटं हलतंय का ते मी दारातून बघायची. दारातूनच. तेल लावताना, आंघोळीच्या वेळी, बाळ उघडं असताना मी जवळ जायचं नाही, हे मला कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पण मी आत गेले की सासूबाई दुपटं ओढून घ्यायच्या. न समजायला मी काही कुकुलं बाळ नव्हते.

बारशाच्या आदल्या दिवशी इगतपुरीकडून असा पाऊस आला की बोळात पाणी साचलं आणि गार वारं घरभर घुमायला लागलं. मावशी आल्या नाहीत. सासूबाईंनी पदर खोचला. "मी घालते दोघींना न्हाऊ. तू घुगऱ्यांचे हरभरे निवड." झरोक्यात पोतं, दाराच्या फटीला फडकं, बंबात नेहमीपेक्षा जास्त कोळसा. मी म्हटलं, "फडकं तरी काढा." त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी स्वयंपाकघरात सूप घेऊन बसले. हात हरभऱ्यांत, कान न्हाणीघरात. पाणी ओतल्याचा आवाज. सासूबाईंचं बोलणं. नणंदेचं "पुरे गं आई". मग बाळाची पाळी आली. आंघोळीत ती पोर असा टाहो फोडायची की समोरच्या घरात कळायचं. त्या दिवशीही फोडला. "झालं हं, झालं हं सोने," सासूबाई म्हणत होत्या. मग त्यांचं बोलणं थांबलं. मग तांब्या पडल्याचा आवाज आला. तो घरंगळत भिंतीला लागला. कुणीच उचलला नाही. बाळ अजून रडत होतं, पण ते रडणं बारीक होत गेलं, तुटक झालं, आणि थांबलं.

मी हात थांबवले. म्हटलं, आता पुन्हा रडेल. आता सासूबाई काहीतरी बोलतील. नुसता पाऊस ऐकू येत होता.

"आई?"

उत्तर नाही.

"आई, आवाज द्या."

सूप मांडीवरून कधी पडलं ते मला आठवत नाही. दारापाशी गेले आणि कडी वाजवली. आतून कण्हल्यासारखं काहीतरी आलं. एक क्षण, खरंच एक क्षण, माझ्या मनात आलं की बाळ उघडं असेल. मग माझी मलाच अशी काही चीड आली की मी त्या पत्र्याच्या दाराला लाथ घातली. दार वाकलं. दुसरी घातली. कडीचे स्क्रू निघाले आणि दार आत गेलं.

आतली हवा तोंडावर आली. गरम, जड. धूर नव्हता, वास नव्हता, काही काही नव्हतं. नणंद पाटावर भिंतीला टेकून, मान खांद्यावर पडलेली. सासूबाई लांब पाय करून बसलेल्या, नडग्यांवर बाळ उताणं. त्यांचे डोळे उघडे होते. मला बघून त्यांचे ओठ हलले. "उठवत नाही गं," त्या म्हणाल्या. आणि दोन्ही हात खाली घालून त्यांनी ते ओलं, उघडं बाळ इंचभर वर उचललं. तेवढंच त्यांना झेपलं. "हिला घे."

मी घेतलं. ओलं, निसरडं, लुळं. हात कुठं, पाय कुठं, काही कळेना. पदरात गुंडाळलं आणि बोळात पळाले, उघड्यावर, त्या गार वाऱ्यात. शेजारणीच्या नावानं बोंब मारली. ती आली तशी तिच्या हातात बाळ दिलं, म्हटलं, तळपाय चोळ, थांबू नकोस. परत आत. नणंदेच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर आणलं, तिच्या टाचा फरशीवर घासल्या जात होत्या. परत आत. सासूबाई हातांवर रांगत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांना खांद्याला धरून ओढलं. मग माझेच पाय गेले. वळचणीखाली आम्ही सगळ्या पडलो होतो, अंगावर पाऊस, आणि बाळ अजून रडत नव्हतं.

"रड गं बाई," मी म्हणत होते. "रड. रड ना गं भवाने!" जन्मात कुठल्या बाळाला अशी शिवी दिली नसेल कुणी. शेजारीण तळपाय चोळत होती. मी बाळाच्या पाठीवर हात फिरवत होते, तोंडावर फुंकर मारत होते. आणि मग तिनं तोंड वाकडं केलं, एक उचकी दिली, आणि बारीकसा आवाज काढला. मग जरा मोठा. मग टाहो.

शेजारच्यांच्या रिक्षातून दवाखान्यात गेलो. तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बंद खोलीत कोळसा होता का?" मग त्यांनी सांगितलं की कोळशाच्या धगीतून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वास नसतो, माणूस नुसता पेंगुळतो आणि जातो. वाट मोकळी नसली की तो तिथंच साठतो. लाकडाचा धूर निदान खोकायला लावून बाहेर तरी काढतो. मी खाटेवरच्या सासूबाईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

हे ड्युटीवरून थेट दवाखान्यात आले. मी त्यांना तिथं बसवलं आणि घरी येऊन, भर पावसात, शिडी लावून नळीत बांबू घातला. गवत, सुतळी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, माझ्याच परकराची हरवलेली नाडी, आणि ह्या सगळ्यामागे दिवाळीपासूनची काजळी. बदाबदा पडलं सगळं. मी ते बोळात पायांनी तुडवलं आणि रडले. रागानं रडले. 'तुला नाही कळायचं' म्हणाल्या होत्या ना? कळलं होतं मला. सगळं कळलं होतं!

बारसं पुढे ढकललं आणि मग झालं. आलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं, "न्हाताना अशक्तपणानं घेरी आली पोरीला. देवीनं सांभाळलं." माझं नाव नाही, नळीचं नाही, घरट्याचं नाही. मी घुगऱ्या वाटत होते. हातातलं पातेलं आपटून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगावं असं फार वाटलं. नणंदेनं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी गिळलं. सोपं नव्हतं ते.

पण एक झालं. दवाखान्यातून आल्यापासून सासूबाई न्हाणीघराच्या दाराबाहेर पाट टाकून बसायला लागल्या. घरात कुणीही आंघोळीला गेलं की बसायच्या. हे गेले तरी, मी गेले तरी. मध्येच दार वाजवायच्या. "आवाज दे." "आहे," असं म्हटलं की गप्प. परत थोड्या वेळानं, "आवाज दे." सुरुवातीला मला हसू यायचं, मग वैताग यायला लागला. एकदा चिडून म्हटलं, "आई, साबण तरी लावू द्या!" तरी बसायच्याच. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माफी मागणं त्यांच्या तोंडात नव्हतं, आणि विसरणं माझ्या स्वभावात नव्हतं. अशी वर्षं गेली.

पुढे न्हाणीघराला फरशी बसली, बंब माळ्यावर गेला आणि गॅसचा गिझर आला. प्लंबरनं तो आतच बसवला. मी झरोक्याला जाळी ठोकून घेतली आणि घरात जाहीर केलं की ह्यात जो बोळा घालेल त्याचे हात मोडीन. सासूबाईंचा पाट गेला, प्लॅस्टिकची खुर्ची आली. आता त्यांच्या हातात काठी होती, ऐकू कमी येत होतं, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. दार वाजवणं मात्र चुकलं नाही.

एका नाताळच्या सुट्टीत ती भाची आली होती. उंच झालेली, तोंडानं फटकळ, अगदी आईवर गेलेली. नाशिकची थंडी कडाक्याची पडली होती. ती आंघोळीला गेली आणि गिझरचा भडका उडाल्याचा आवाज आला. सासूबाई खुर्चीवर बसल्या. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते.

"आवाज दे."

"आहे गं, आजी!"

थोड्या वेळानं, "आवाज दे." आतून काही आलं नाही. सासूबाईंनी काठीनं दार वाजवलं. "आवाज दे गं!" पाणी पडत होतं, पण उत्तर नव्हतं. माझा हात परातीवर थांबला. सासूबाई खुर्चीतून उठल्या, काठी सोडून दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या आणि ज्या आवाजात त्यांनी मला उभ्या जन्मात कधी हाक मारली नव्हती त्या आवाजात ओरडल्या, "अगं, ये गं! लवकर ये! दार मोड!"

मी पिठाच्या हातांनीच धावले. दाराला खांदा लावणार, तेवढ्यात कडी निघाली. भाची, टॉवेल गुंडाळलेली, केसांतून पाणी गळतंय, नाकाच्या शेंड्यावर राग. मी तिला बाजूला सारून आत बघितलं. झरोक्याच्या जाळीत वर्तमानपत्र खोचलेलं होतं. खेचून काढलं.

"वारा येतो गं, मामी, त्यातून! आणि ही आजी! मुद्दाम गप्प बसले होते मी. बघत होते, किती वेळ बडवते ते. माणसाला सुखानं आंघोळ पण करू देत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. चांगली फैलावर घेणार होते. पण सासूबाईंनी तिचा ओला दंड धरला.

"तुला एकदा इथून हिनं बाहेर काढलंय," त्या म्हणाल्या. "बारा दिवसांची पण नव्हतीस. तुला, तुझ्या आईला आणि मला. लाथा घालून दार मोडलं हिनं."

"काय?" भाची माझ्याकडे बघायला लागली. "कधी? मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगू दिलं नाही," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ज्या बाईला सकाळचं आठवत नव्हतं, तिचे डोळे लख्ख होते. "सांग तिला. नळीत घरटं होतं, तू काढायला निघाली होतीस, मी काढू दिलं नाही, तेही सांग. आणि मी तुला काय बोलले होते, ते पण सांग."

माझ्या हाताला पीठ होतं म्हणून डोळे पुसता येईनात. भाची टॉवेलात कुडकुडत उभी होती, एकदा आजीकडे बघत, एकदा माझ्याकडे.

"आधी केस पूस," मी तिला म्हटलं. "गारठशील. मग सांगते."